बोटीवरचे चाचा

जयगडला आमच्या गडग्याला गडगा लागून राहणारे सारंगचाचा गेल्या श्रावणात वारले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचं खरं नाव इथे देत नाही, कारण त्या नावाने गावात त्यांना कुणी हाक मारलीच नाही. खलाशी म्हणून बोटीवर चढले आणि सारंग होऊन उतरले, म्हणून सारंगचाचा. दफनानंतर काही दिवस त्यांच्या पडवीत माणसांची ये-जा चालू होती आणि येणारा प्रत्येक जण एकच बोलत होता: चाचांनी जग बघितलं होतं.

मला हे गावापेक्षा थोडं आधी कळलं होतं. माझी उभी नोकरी टपाल खात्यात गेली आणि त्यातली बरीच वर्षं जयगडच्या पोस्टात. चाचांची पत्रं माझ्या हातून जात. त्यांच्याशी दोस्ती होण्याआधी माझी ओळख झाली ती त्यांच्या पाकिटांवरच्या तिकिटांशी. हॅम्बुर्ग, ओडेसा, कोबे, गॅल्व्हस्टन. शिक्क्यावरची अक्षरं नीट उमटलेली नसत, मग मी ती नावं शाळेतला ॲटलास मागून आणून शोधत बसे. पुढे ते रजेवर आले की मी एकेका शिक्क्याबद्दल विचारू लागलो. "मास्तर, तुम्हाला माझ्यापेक्षा माझ्या पत्त्याची काळजी," असं म्हणून ते सांगायला बसत. ती विचारपूस त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यापर्यंत चालली.

मराठीत प्रवासवर्णनाला मोठा मान आहे. विष्णुभट गोडसे सत्तावन्नच्या धामधुमीत उत्तरेत जाऊन आले, बऱ्याच वर्षांनी त्यांनी ते लिहून काढलं आणि १९०७ साली ते छापलं गेलं, म्हणून वरसईचे ते भटजी कुठे कुठे हिंडले हे आपल्याला ठाऊक आहे. नंतरच्या लेखकांनी विलायत, रशिया, जपान पाहून कपाटं भरतील एवढी पुस्तकं लिहिली. मी ती आवडीने वाचली आहेत. पण त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याच्या खाडीकाठची माणसं तीच शहरं वर्षानुवर्षं बघत होती, आणि त्यांच्याबद्दल त्या कपाटात फारसं काही सापडत नाही. दोर ओढणाऱ्या हातांना लेखणी धरायला सवड नव्हती. ज्यांच्या हातात लेखणी होती ते या पडव्यांमध्ये विचारायला आले नाहीत. मला हे फार लागतं, आणि चाचा गेल्यापासून अधिकच.

समुद्रावर जाणं कोकणाला इंग्रजांनी शिकवलेलं नाही. आमच्या उत्तरेला दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळात ते मोठं बंदर होतं, हजचे यात्रेकरू तिथून जहाजात चढत. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे सरदार होते. १६७९ साली खांदेरीवर इंग्रजांशी झुंज झाली तेव्हा मायनाक भंडाऱ्याने बेट धरून ठेवलं आणि दौलतखानाचं आरमार त्याच्या मदतीला आलं. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, कोकणी मुसलमान, सगळ्यांचे हात त्या गुराबांना आणि गलबतांना लागलेले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किनाऱ्यावरचे किल्ले इंग्रजांकडे गेले, आमचा जयगडही गेला. आरमार राहिलं नाही, पण दर्यावर वाढलेली माणसं कुठे जाणार? ती फत्तेमाऱ्यांवर आणि मचव्यांवर मीठ, कौलं, लाकूड वाहू लागली, आणि आगबोटी आल्या तेव्हा त्यांच्यावर चढली.

१८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघून साधारण महिन्याभरात सुएझला पोहोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई हे युरोपातून येणाऱ्या बोटींचं मोठं बंदर झालं. बोटींना माणसं हवी होती, आणि इंग्रज कंपन्यांना ती स्वस्त हवी होती. तेव्हापासून कामांची एक वाटणी पडली ती जवळजवळ शंभर वर्षं टिकली. डेकवर रत्नागिरी, गुजरात, मलबार इकडची माणसं. खाली इंजिनात, कोळशाच्या धगीसमोर, पंजाब-सरहद्दीकडची आणि सिल्हेटची. उतारूंच्या खाण्यापिण्याला आणि खोल्यांना गोव्याची. डेकवरची उतरंड चाचांच्या काळातही तीच होती: खलाशी, वर कसाब म्हणजे भांडाराचा माणूस, सुकाणी, तांडेल आणि सगळ्यांच्या वर सारंग. जेवण रांधणारा तो भंडारी. साहेबाचा हुकूम सारंगाला, सारंगाचा हुकूम खलाशांना. पुढे कागदोपत्री सारंगाचा बोसन झाला, पण आमच्याकडे घरात आणि दारात सारंगच राहिला.

पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या आसपास. झोपायला जागा त्याच्याहून कमी, आणि ती कमी असावी हे कायद्यातच लिहिलेलं. लंडनला बोट रिकामी झाली की परतीची बोट मिळेपर्यंत ही माणसं थंडीत रस्त्यावर असत. इतके हाल झाले की १८५७ साली लाइमहाउस भागात आशिया-आफ्रिकेच्या खलाशांसाठी आसरा देणारं घर बांधावं लागलं. ते वर्ष पाहा. इकडे झाशी-कानपूर पेटलं होतं, गोडसे भटजी त्या आगीतून वाट काढत होते, आणि तिकडे लंडनच्या धक्क्यावर या देशाचे खलाशी त्या आश्रयगृहाच्या दारात उभे होते. एकाचं पुस्तक झालं.

१९१४ साली ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते. दोन्ही महायुद्धांत टॉर्पेडो लागून बुडालेल्या बोटींबरोबर ते हजारोंनी गेले. चाचांचे वडील दुसऱ्या युद्धात असेच गेले. चाचा तेव्हा पाळण्यात होते. बापाचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. मुंबईला मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांचं स्मारक आहे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिकांच्या नावांचं पुस्तक आहे. त्याच नावांचं दुसरं पुस्तक चितगावला ठेवलेलं असतं, कारण बंगालचे खलाशीही त्यात आहेत. चाचा मला एकदा तिथे घेऊन गेले. त्यांना पान आधीच माहीत होतं. इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंग जरा वेडंवाकडं, पण नाव होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "एवढाच बा आपल्याला मिळाला." मुंबईला गेले की ते तिथे जाऊन यायचे. मुंबईत राहणाऱ्या किती मराठी माणसांनी ते पुस्तक उघडलं असेल?

बाप असा गेलेला असताना आई मुलाला बोटीवर कशी सोडेल? चाचांची आई सोडत नव्हती. शेवटी सोडलं, कारण भातशेतीवर चार महिने भागायचं आणि आठ महिन्यांचा प्रश्न राहायचा. जयगड, राजिवडा, कर्ला, बाणकोट इकडच्या घरांचा हाच हिशेब होता. १९६० च्या सुमाराला ते भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत पथारी टाकली. या खोल्यांबद्दलही कुणी लिहायला हवं. प्रत्येक गावाची मुंबईत एक खोली, भिंतीला लागून पेट्यांची रांग, पेटी ठेवायची जागा ज्याची त्याची ठरलेली. बोटीवर असलेला माणूस भाडं पाठवायचा आणि बोट न मिळालेला माणूस त्या भाड्यावर राहायचा. गोव्याच्या खलाशांचे कूड धोबीतलावाला असत, त्यांचीही रीत हीच.

बोट मिळणं ही मोठी परीक्षा असे. इंग्रजांच्या काळात भरती दलालांच्या आणि घाट सारंगांच्या मुठीत होती. नोकरी लागण्याआधीच खलाशी कर्जात बुडालेला असे. पहिल्या सफरीचा अर्धा पगार त्यात जाई. १९२० साली जिनोव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ठराव झाला की खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेऊ नयेत. १९२२ साली इथे समिती बसली, १९३१ साली रॉयल कमिशननेही लाच आणि दलालीवर बोट ठेवलं. प्रत्यक्षात मुंबईत सरकारी सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिस उघडलं ते १९५४ साली. मग रोस्टर आला. नाव नोंदवायचं, नंबर लागला की जायचं. नंबरही लवकर लागत नसे आणि दलाल पुरते हटले नव्हते. चाचांकडूनही एकाने पैसे घेतले होते. तो माणूस गावाच्या ओळखीचा होता, आता तोही नाही. चाचांनी पुढे सारंग झाल्यावर गावातल्या पोरांचे फॉर्म स्वतः भरून दिले, शिपिंग ऑफिसात स्वतः नेलं, आणि कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. त्यांच्या सगळ्या सफरींपेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं.

देशी जहाजांचा तो चांगला काळ होता. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली होती. इंग्रज कंपन्यांशी झगडत ती कंपनी टिकली. स्वातंत्र्यानंतर सरकारने जहाजं घेतली आणि १९६१ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन उभी राहिली. ‘विश्व’ या शब्दाने सुरू होणारी नावं असलेल्या त्यांच्या मालवाहू बोटी जगभर फिरत. चाचांची उमेदीची वर्षं असल्या बोटींवर गेली.

सुरुवातीच्या वर्षांत ते अमेरिकेहून गहू घेऊन आले. तो पीएल ४८० चा गहू. १९६६ साली दुष्काळ पडला आणि त्या एका वर्षात देशाने एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आणलं. मी तेव्हा पोरगा होतो, आईबरोबर रेशनच्या रांगेत उभा राहायचो. त्या गव्हाला घरात सगळे नावं ठेवत. चाचांनी तोच गहू गॅल्व्हस्टनला बोटीत पडताना बघितला होता. उंच कोठारातून नळीवाटे नुसता ओतत, माणसाचा हात लागत नसे. मुंबईत मात्र हमाल हॅचमध्ये उतरून पोती भरायचे, धुळीने खोकायचे. "तिकडं एका दिवसात भरलेली बोट इकडं किती दिवस रिकामी होत होती, ते बघून मला देश कळला," असं ते म्हणाले होते.

जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि सुएझ कालवा बंद झाला, तो थेट जून १९७५ ला उघडला. कालव्यातल्या ग्रेट बिटर लेकमध्ये चौदा परदेशी जहाजं अडकून पडली ती आठ वर्षं तिथेच. मुंबईहून लंडन कालव्यातून सहा हजारांहून थोडं जास्त सागरी मैल. आता आफ्रिकेला वळसा घालून साडेदहा हजारांच्या वर. चाचांच्या पत्रांमधलं अंतर तेव्हा एकदम वाढलं, असं चाची सांगायच्या. पत्र बंदरात पडतं आणि बंदर आता महिन्यावर गेलं होतं. केपटाउनचा टेबल माउंटन त्यांनी कितीदा तरी पाहिला, पण बोटीवरूनच. वर्णभेदामुळे भारताने १९४६ पासूनच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, आपलं जहाज तिथे लागत नसे. रात्री शहराचे दिवे दिसायचे, धक्क्याला मात्र कधी पाय लागला नाही. हे ते अभिमानाने सांगत.

हॅम्बुर्ग त्यांचं लाडकं बंदर. समुद्रापासून शंभर किलोमीटर आत, एल्बे नदीवर, आणि तिथेही भरती-ओहोटी. आमच्या शास्त्री नदीच्या मुखाशी वाढलेल्या माणसाला त्याचं फार अप्रूप. भरती धरून आत शिरायचं, ओहोटी धरून निघायचं, हे गणित तेच. नदीतून वर जाताना वेडेल नावाचं गाव लागतं. तिथे काठावर १९५२ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना मानवंदना देण्याची पद्धत आहे. जहाज ज्या देशाचं, त्या देशाचं राष्ट्रगीत लाउडस्पीकरवर वाजवतात. चाचा पहिल्यांदा गेले तेव्हा डेकवर गंज खरवडत बसले होते. धुक्यात काठ दिसत नव्हता आणि पाण्यावरून ‘जन गण मन’ ऐकू आलं. हातोडा ठेवून सगळे उभे राहिले. परक्या देशातल्या लोकांनी आपल्यासारख्या खलाशांसाठी ते वाजवलं, ही गोष्ट ते नातवंडांना वरचेवर सांगत. मी ऐकत असे आणि मला वाटे, ही एवढी जागा कुठल्या मराठी पुस्तकात कशी आली नाही!

ओडेसाच्या बंदरातून शहरात चढायला १९२ पायऱ्यांचा मोठा जिना आहे. तिथे खलाशांसाठी इंटरक्लब असे, फुकट चहा आणि सिनेमा, आणि कधी बसमधून संग्रहालय बघायला नेत. लंडनला मात्र चाचा पायीच फिरत. पाउंड वाचवायचे म्हणून. गोदीपासून चालत निघायचं, रस्ता लक्षात ठेवायचा आणि अंधार पडायच्या आत त्याच रस्त्याने परत. अशाने त्यांना गोदीच्या आजूबाजूचे गल्लीबोळ पाठ झाले. पुढे एकेक गोदी ओस पडत गेली आणि तेही त्यांनी फेरीगणिक बघितलं. १९८१ साली शेवटच्या मोठ्या रॉयल गोद्या बंद झाल्या. प्रवासी लेखक एका शहरात एकदा जातो, पंधरा दिवसांत पाहिलेलं लिहितो. चाचा त्याच धक्क्यावर वीस वर्षं येत-जात होते. शहर कसं बदलतं, धंदा कसा मरतो, चहाच्या टपरीवरचा म्हातारा एका वर्षी कसा नसतो, हे बघायला असंच परत परत जावं लागतं. माझ्या मते हा प्रवास मोठा.

तो का घडला याचं कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं. "दर्यात काय बघायचं, मास्तर? दर्या सगळीकडं दर्याच. बघायचं ते बंदरात." आणि बंदरात दिवस मिळत होते. माल सुटा असे: तागाचे गठ्ठे, चहाच्या पेट्या, पोती, यंत्रांची खोकी. डेरिकने एकेक जाळं उचलायचं, खाली गोदीवाल्यांनी सोडवून घ्यायचं. एका बंदरात आठ-दहा दिवस सहज जात, गर्दीच्या बंदरात त्याहून जास्त. त्या दिवसांतल्या संध्याकाळी खलाशाच्या. कोकणातल्या चौथी शिकलेल्या माणसाला जग दिसलं ते त्या संध्याकाळींमुळे.

मग कंटेनर आला. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेटारे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेले, तिथून सुरुवात. आपल्याकडे ते लोण सत्तरच्या दशकात पोहोचलं आणि १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं. क्रेनने पेटारे उचलायचे, काही तासांत बोट मोकळी. पूर्वी साठ-सत्तर माणसं लागायची तिथे वीस-बावीस पुरू लागली. भंडारी, कसाब, तांडेल ही कामं एकेक करून गेली. २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचे नवे नियम आले, खलाशाला गेटबाहेर पडणं आणखी अवघड झालं. चाचा तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या शेवटच्या वर्षांतली पत्रं मला आठवतात. तिकिटं पूर्वीसारखीच देशोदेशीची, पण आत शहराबद्दल एक ओळ नसे. सकाळी लागलो, रात्री सुटलो, एवढंच. त्यांच्या तरुणपणातल्या बहुतेक बोटी तोवर अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाल्या होत्या. १९८३ पासून तिथे जहाजं तोडतात. एका बोटीचं नाव पेपरात वाचलं तेव्हा ते दिवसभर गप्प होते.

आता घरची बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय या प्रवासाचा हिशेब पुरा होत नाही. बोटीवर सही करताना खलाशी पगाराचा काही भाग घरच्यांच्या नावे लावून देई, त्याला अलॉटमेंट म्हणत. ती मनिऑर्डरने येई. महिन्याच्या एका ठरावीक आठवड्यात पोस्टाच्या ओट्यावर बायांची रांग लागायची. सही येत नसे त्यांचे अंगठे मी घेतले आहेत. त्या पैशांतून घराची कौलं, विहिरीचा कठडा, पोरांची फी, म्हाताऱ्यांचं औषधपाणी. चाचा जगभर फिरले तेव्हा चाचींनी भात लावला, कापला, सासूचं शेवटचं आजारपण काढलं, तीन मुली उजवल्या. चाची रत्नागिरीच्या पलीकडे फारशा कधी गेल्या नाहीत. पत्र आलं की त्या मला वाचून दाखवायला लावत, आणि उत्तर सांगताना एक वाक्य ठरलेलं: "इकडं सगळं ठीक." सगळं ठीक नसतानाही तेच. मी लिहिणारा, मला ठाऊक असायचं. त्या आधी गेल्या. चाचांनी त्यांची सगळी पत्रं जपून ठेवली होती, म्हणजे अक्षर माझं आणि शब्द चाचींचे.

पावसाळ्यात पत्रं उशिराने येत. आगबोट जूनमध्ये बंद व्हायची ती नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर सुरू. रजेवर येणारा खलाशी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने यायचा; जयगडला बोट धक्क्याला लागत नसे, पडावात उतरून किनाऱ्याला यायचं. जगभर धक्क्याला लागलेला माणूस स्वतःच्या गावात होडीतून उतरे. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या त्या काळातल्या बोटी जुन्या लोकांना आठवत असतील. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, तेव्हापासून पावसाळी समुद्राची धास्ती या किनाऱ्याने मनात धरली. ऐंशीच्या दशकात आगबोट बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि लोक तिकडे वळले.

निवृत्तीनंतर चाचा रिकामे बसले नाहीत. तवसाळच्या तरीचे दोर तेच जोडून द्यायचे, गाठ न मारता, पेड एकमेकांत गुंफून. असला जोड ताण आला की आणखी घट्ट होतो. पोरांना ते शिकवायचे, गाठी शिकवायचे, हवा बघायला शिकवायचे. गावात पंधरा वर्षांपूर्वी मोठं बंदर झालं, कोळशाची जहाजं येऊ लागली. जयगडला मोठी जहाजं धक्क्याला लागताना बघून त्यांना आनंद झाला. गडाजवळ उभे राहून ते लांबून झेंडा ओळखत, जहाज भरलेलं की रिकामं ते पाण्याच्या रेषेवरून सांगत. त्यांना एकच वाटायचं, की त्या जहाजावरच्या परदेशी खलाशाने एकदा तरी वर मोहल्ल्यात यावं, त्यांच्या पडवीत चहा प्यावा. तसं कुणी आलं नाही. त्या मुलांना उतरायला वेळच नसतो.

चाचा गेल्यावर त्यांच्या मुलीने मला पेटी दाखवली. त्यांच्या सीडीसी होत्या, म्हणजे खलाशाची ती सरकारी पुस्तकं. प्रत्येक ओळीत जहाजाचं नाव, कुठे चढला, कुठे उतरला, तारखा, आणि पुढे वागणुकीचा शेरा: व्हेरी गुड. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच शेरा. मी मुलीला सांगितलं की हे कागद टाकू नकोस, आणि तिने ते प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावरून खाली आणून कपाटात ठेवले. मी आता त्यातली जहाजं आणि बंदरं एका वहीत उतरवतो आहे, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं ज्या त्या ओळीसमोर लिहितो आहे.

वाचकांपैकी ज्यांचं गाव रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर आहे, त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी बोटीवर गेलेलं कुणी असेल तर त्यांचे कागद रद्दीत घालू नका. कोकणातल्या दमट हवेत पाच पावसाळ्यांत त्यांचा लगदा होतो. पानांचे फोटो काढा, जहाजांची नावं आणि तारखा लिहून काढा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. जे हयात आहेत ते आता सत्तरी-ऐंशीचे आहेत. सुट्या मालाच्या बोटींवर काम केलेली ही शेवटची माणसं. या गणपतीला किंवा ईदला गावी जाल तेव्हा त्यांच्यापाशी बसा आणि विचारा: कुठल्या बोटीवर होतात, पहिलं बंदर कुठलं, तिथे काय पाहिलंत?